पडलेला दात, डागाळलेला दात : इम्प्लांट, ब्रिज, कवळी की व्हिनियर?

व्हिनियर म्हणजे पातळ चकती, ती दातावर पुढून चिकटवतात. दातच नसेल तर ते चिकटवायचं कशाला? गोष्ट इतकी साधी आहे, पण ‘स्माइल डिझाइन’च्या जाहिरातीत इम्प्लांट, कॅप, व्हिनियर सगळं एकाच फोटोखाली येतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कोणी पडलेल्या दाताच्या जागी व्हिनियर मागतं, तर कोणी नुसते डाग असलेल्या धडधाकट दातांवर पूर्ण कॅपा, म्हणजे दात चहूबाजूंनी कोरून वर बसवायच्या टोप्या, चढवून घेतं. पहिल्याला डॉक्टर समजावून सांगतात आणि विषय संपतो. दुसऱ्याचं नुकसान मात्र भरून येत नाही, कारण कोरलेला दात पुन्हा वाढत नाही. म्हणून पुढे प्रत्येक उपायाला आधी एकच प्रश्न विचारला आहे : यासाठी निरोगी दाताचा किती भाग जाणार?

पायरी १ : तोंडात शिल्लक काय आहे ते बघा

चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहा आणि तुमची अडचण खालच्यापैकी कशात बसते ते ठरवा.

दात मुळासकट गेला असेल तर व्हिनियरचा विषय तिथेच संपला. तिथे इम्प्लांट (हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावर दात), ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) किंवा काढता-घालता येणारा दात, हेच तीन रस्ते.

वरचा भाग तुटला पण मूळ हिरडीत घट्ट आहे, तर दात काढायची घाई नको. रूट कॅनाल करून, आत पोस्ट, म्हणजे मुळात बसणारी दांडी, बसवून वर कॅप घालता येते. अट एकच. हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर तरी पक्का दात उरलेला हवा, कारण कॅपची पकड त्या कड्यावर असते. तेवढा नसेल तर पोस्ट काही काळाने सैल होते किंवा मूळच उभं चिरतं, आणि चिरलेलं मूळ वाचत नाही.

दात आहे, पण त्यात मोठं फिलिंग आहे किंवा तो जुन्या मारामुळे काळवंडला आहे, तर आधी एक्स-रे. काळवंडलेल्या दाताची नस बहुधा मेलेली असते. आधी रूट कॅनाल, मग दाताच्या आतून ब्लीचिंग, आणि तरीही रंग खुपत असेल तरच व्हिनियर किंवा कॅप.

शेवटचा गट म्हणजे दात निरोगी, नुसता रंग, आकार किंवा फट नको आहे. व्हिनियरचं खरं क्षेत्र हेच. पण या गटातही व्हिनियर पहिल्या क्रमांकावर नाही.

विदर्भात हे जास्त जपून बघावं लागतं. यवतमाळ, चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्याच्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं, असं भारतीय मानक सांगतं. लहानपणी, दाताचं आवरण आत तयार होत असताना असं पाणी पोटात गेलं, तर पुढच्या दातांवर पांढरे खडूसारखे पट्टे किंवा तपकिरी डाग येतात. ओळखायची खूण अशी की डाग डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे असतात. मोठेपणी गाव सोडून नागपुरात आलात तरी डाग जात नाहीत, आणि पाणी बदललं म्हणून नवे येतही नाहीत.

अशा डागांवर कमी नुकसानीकडून जास्त नुकसानीकडे जायचं. वरवरचा तपकिरी डाग मायक्रोअब्रेजनने निघतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक भुकटीची पेस्ट दातावर फिरवतात, त्यात मिलिमीटरचा एक-दोन दशांश थर जातो. त्यानंतर घरी दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, म्हणजे ब्लीचिंगचं औषध, घालून रात्री लावायचं, साधारण दोन आठवडे. पांढऱ्या पट्ट्यांवर पातळ रेझिन, म्हणजे दिव्याने घट्ट होणारं प्रवाही प्लास्टिक, मुरवतात. एवढं करूनही खड्डे उरले तर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, आणि सगळ्यात शेवटी पोर्सेलिनचं (सिरॅमिकचं) व्हिनियर. फ्लोराइडने बदललेल्या आवरणावर चिकटवणीची पकड कमी बसते, त्यामुळे ते आम्लाने जास्त वेळ खरबरीत करावं लागतं. अशा दातांचा अनुभव आहे का, हे डॉक्टरांना सरळ विचारा.

सुपारी-तंबाखूचा खर्रा खात असाल तर आणखी एक तपासणी घरीच करा. तोंड पूर्ण उघडा आणि तर्जनी, मधलं बोट, अनामिका अशी तिन्ही बोटं एकावर एक ठेवून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी घाला. तिन्ही आरामात गेली तर ठीक. दोनच जात असतील, तिखटाने तोंड जळत असेल, गालाची आतली बाजू पांढुरकी-ताठर लागत असेल, तर दात बसवणं बाजूला ठेवा आणि आधी मुखरोग तज्ज्ञांना दाखवा. सुपारीमुळे गालात तंतू तयार होऊन तोंड आवळत जातं आणि हा बदल पुढे कर्करोगाकडे वळू शकतो. शिवाय तोंड पुरेसं उघडत नसेल तर मागच्या दाढेपर्यंत इम्प्लांटचं ड्रिल उभं राहत नाही, मापाचा ट्रे आत शिरत नाही. खर्रा चालू ठेवून व्हिनियर बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. सुपारीच्या खांडाने कडा उडतात, तंबाखूने सांधे काळे पडतात आणि इम्प्लांटभोवतीची जखम नीट भरत नाही.

पायरी २ : खुर्चीत बसण्याआधीची तयारी

मधुमेह असेल तर ताजा एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा, रिपोर्ट न्या. तो ७ च्या आसपास असेल तर इम्प्लांटचं काम निर्धास्त होतं, ८ च्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर साखर आटोक्यात येईपर्यंत थांबायला सांगतील आणि ते बरोबरच आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली झोलेड्रोनिक आम्लाची इंजेक्शनं किंवा अलेंड्रोनेटच्या गोळ्या लोक सांगायला हमखास विसरतात. या औषधांनंतर दात काढला किंवा इम्प्लांट बसवलं तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. औषध वर्षापूर्वीचं असलं तरी सांगा.

हिरडीतून रक्त येत असेल तर आधी दात साफ करून घ्या आणि हिरड्या ताळ्यावर येऊ द्या. रक्त येणाऱ्या हिरडीजवळ माप नीट येत नाही आणि व्हिनियरची कड ओली राहून चिकटवणी फसते.

इम्प्लांटसाठी साधा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे, पुरत नाही, कारण त्यात हाडाची उंची दिसते पण रुंदी दिसत नाही. रुंदीसाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, लागतो. स्कॅनची फाइल स्वतःजवळ घ्या, नुसती प्रिंट नको. दुसरं मत घ्यायचं झालं तर पुन्हा स्कॅनचा खर्च वाचतो.

कोणाकडे जायचं? कॅप, ब्रिज, कवळी, व्हिनियर हा प्रोस्थोडॉन्टिस्टचा, म्हणजे कृत्रिम दंतोपचारात एमडीएस (पदव्युत्तर पदवी) केलेल्याचा प्रांत. इम्प्लांटचा स्क्रू तोच बसवतो, किंवा मुखशल्य आणि हिरड्यांचे तज्ज्ञ. अनुभवी बीडीएस (दंतवैद्यकाची पहिली पदवी) डॉक्टरही हे काम चांगलं करतात. विचारायचं ते हे की माझ्यासारखी केस केली आहे का आणि तीन-चार वर्षांनंतरचे फोटो आहेत का. लावल्या दिवशीचा फोटो सगळ्यांकडेच असतो. नागपुरात धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ इथे खासगी दवाखाने रांगेने आहेत. खर्चाची अडचण असेल तर मेडिकल चौकाजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, हिंगणा रोडकडचं डिगडोहचं व्हीएसपीएम किंवा वानाडोंगरीचं कळमेघ स्मृती दंत महाविद्यालय यांच्या ओपीडीत जा. महाविद्यालयात काम विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात, त्यामुळे एकेका बैठकीला वेळ लागतो आणि खेपा वाढतात, पण प्रत्येक टप्पा तपासला जातो. घाई असेल तर तिथे जाऊ नका, घाई नसेल तर जरूर जा.

रस्त्याच्या कडेला बसून अर्ध्या तासात ‘फिक्स दात’ लावून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. ते कच्चं ॲक्रेलिक शेजारच्या दातांवर आणि हिरडीवर थापून तारेने अडकवतात. खाली अन्न अडकून कुजतं, साफ करता येत नाही, आणि एका दाताच्या जागी पुढे तीन दात हलायला लागतात. ऑनलाइन मिळणाऱ्या चिकटपट्टी छाप ‘क्लिप व्हिनियर’चंही तसंच. फोटोपुरते घाला, त्याने जेवू नका.

पायरी ३ : दात नसेल तर

आधी वेळेचं गणित. दात काढल्यावर त्या जागेचं हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षात रुंदी साधारण निम्मी होते, त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच. म्हणून ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणणाऱ्यांना पुढे हाड भरण्याचा वेगळा खर्च येतो. उलट ब्रिजचं माप फार लवकर घेतलं तर हिरडी खाली बसल्यावर दाताखाली काळी फट दिसते. ब्रिजसाठी निदान सहा ते आठ आठवडे थांबावं, तोवर तात्पुरता दात.

इम्प्लांट. टायटॅनियम हाडाशी थेट जोडलं जातं हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांच्या प्रयोगांत दिसलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले गेले. आजचा स्क्रू साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर जाड आणि ८ ते १३ मिलिमीटर लांब असतो. शेजारच्या दाताला हात लावावा लागत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. त्यासाठी जागा मात्र हवी. स्क्रू आणि शेजारच्या मुळामध्ये दीड मिलिमीटर, दोन स्क्रूंमध्ये तीन, आणि खालच्या जबड्यातल्या नसेपासून दोन मिलिमीटर. नसेला धक्का लागला तर ओठ-हनुवटी बधिर राहते, म्हणून ते शेवटचे दोन मिलिमीटर कोणी ‘चालतं’ म्हणत असेल तर उठून या.

काम असं चालतं. बधिर करून हिरडी उघडतात, थंड सलाइनच्या धारेखाली हळूहळू मोठी होत जाणारी ड्रिलं वापरून भोक पाडतात. सलाइनचं कारण साधं : हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी मरतं, आणि मेलेल्या हाडात स्क्रू जुळत नाही. मग स्क्रू ठरावीक जोराने आवळतात. खालच्या जबड्यात दोन-तीन महिने, वरच्या मऊ हाडात चार-सहा महिने तो जुळू द्यायचा. त्यानंतर वर हिरडीला आकार देणारी टोपी दोनेक आठवडे, मग माप, मग ॲबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा तुकडा) आणि कॅप. वरच्या दाढेत सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची पोकळी, खाली उतरलेला असेल तर तो उचलून हाड भरावं लागतं आणि आणखी काही महिने जोडावे लागतात.

‘एका दिवसात दात’ ही जाहिरात खोटी नसते, पण अर्धीच असते. त्या दिवशी मिळतो तो तात्पुरता दात, चाव्याला न लागणारा, आणि तोही स्क्रू पुरेसा घट्ट बसला तरच. पक्का दात महिन्यांनीच. लग्नाची तारीख ठरली असेल तर निदान सात-आठ महिने आधी सुरुवात करा. इतका वेळ नसेल तर लग्नात तात्पुरता दात घालून उभे राहा. फोटोत फरक कळत नाही.

कॅप स्क्रूने बसवलेली की सिमेंटने चिकटवलेली, हे विचाराच. स्क्रूची असेल तर पुढे उघडता येते. सिमेंटची असेल तर हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कण महिन्या-वर्षांनी हाड खातो. कॅप हलायला लागली तर घाबरू नका, बहुतेकदा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो आणि पुन्हा आवळता येतो. पण तशीच आठवडाभर चावत राहिलात तर तोच स्क्रू आत तुटतो आणि काम दसपट किचकट होतं.

इम्प्लांट कोणाला नको? वाढ चालू असलेल्या मुलांना. पंधराव्या वर्षी बसवलेला दात जागेवरच राहतो आणि शेजारचे खाली सरकतात, विशीत तो आखूड दिसायला लागतो. अशा मुलांसाठी एका पंखाचा चिकट ब्रिज उत्तम : मागच्या बाजूने एकाच शेजारच्या दाताला चिकटवलेला, जवळजवळ काहीही न कोरता. खोल चावा असेल तर तो टिकत नाही, तेवढं बघावं लागतं.

ब्रिज. गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात दीड ते दोन मिलिमीटर कोरून तीन दातांची एकच पट्टी चिकटवतात. दोन-तीन आठवड्यांत काम होतं, शस्त्रक्रिया नाही. शेजारच्या दातांवर आधीच मोठी फिलिंगं किंवा कॅपा असतील तर ब्रिज हा अगदी शहाणपणाचा पर्याय. ते दात धडधाकट असतील तर दोन निरोगी दात कापून एक मिळवणं हा सौदा महाग आहे, बिल कमी आलं तरीही. ब्रिज फसतो तो असा : एका टोकाचं सिमेंट सुटतं, दुसरं टोक धरून ठेवतं, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही आणि सुटलेल्या टोकाखालचा दात आतून किडतो. चावताना एका बाजूने बारीक बुडबुडे येतात, वास येतो. ही लक्षणं दिसली की लगेच दाखवा. पट्टीखालून रोज सुपरफ्लॉस (ताठ टोकाचा दात साफ करायचा धागा) किंवा बारीक ब्रश फिरवणार नसाल तर ब्रिज घेऊच नका.

काढता-घालता येणारे दात आणि कवळी. एक-दोन दातांचा ॲक्रेलिकचा तुकडा स्वस्त आणि लवकर होतो. तात्पुरता म्हणून ठीक, कायमचा म्हणून हिरडी दाबतो. जास्त दात गेले असतील तर कोबाल्ट-क्रोमच्या सांगाड्याचा तुकडा घ्या, तो भार दातांवर टाकतो. मऊ ‘फ्लेक्सिबल’चं कौतुक फार होतं. दातांना अडकवायचे तारेचे आकडे दिसत नाहीत हे खरं, पण तुटला तर दुरुस्त होत नाही आणि त्यात नवा दात जोडता येत नाही.

पूर्ण कवळीला पाच-सहा खेपा लागतात : पहिलं माप, खास ट्रेने दुसरं माप, मेणाच्या पट्ट्यांवर चाव्याची उंची, मेणात लावलेल्या दातांची ट्रायल, आणि मग पक्की कवळी. ट्रायलच्या दिवशी घरातलं एक माणूस बरोबर न्या. दात मेणात असताना हलवता येतात, पक्की झाल्यावर नाही. खालची कवळी हलणारच, कारण तिला जीभ उचलत राहते. खाली दोन इम्प्लांट लावून त्यांवर कवळी अडकवणं हा त्यावरचा उपाय. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी केलेल्या सहमतीपत्रकाने दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानला होता. आईवडिलांसाठी खर्च करायचाच असेल तर इथे करा, उपयोग रोज तीन वेळा दिसतो.

पायरी ४ : दात असेल आणि व्हिनियर ठरलं असेल तर

कृत्रिम नख चिकटवावं तशी ही पातळ चकती, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची. दोन प्रकार. कॉम्पोझिटचं व्हिनियर डॉक्टर तोंडातच थरावर थर देऊन एका बैठकीत घडवतात. कोरणं नगण्य, दर कमी, तुकडा उडाला तर तिथल्या तिथे दुरुस्ती. आयुष्य पाचेक वर्षं धरा, आणि तर्री पोहे, सावजी रस्सा, चहा यांचा रंग ते धरतं. वर्षाला एकदा पॉलिश करावं लागतं. पोर्सेलिनचं व्हिनियर लॅबमध्ये होतं, त्याचा चकचकीत पृष्ठभाग रंग धरत नाही, नीट चिकटवलेलं दहा-पंधरा वर्षं सहज टिकतं. त्यासाठी दाताचा पुढचा थर ०.३ ते ०.५ मिलिमीटर आणि टोकाकडे दीडेक मिलिमीटर जातो. तिथून परतीची वाट नाही : पुढे आयुष्यभर त्या दातावर काही ना काही लागणारच. तिशी ओलांडली नसेल आणि दातांचा आकार बरा असेल, तर आमचं मत कॉम्पोझिटने सुरुवात करावी असंच आहे.

एक प्रश्न न विसरता विचारा : “व्हिनियर करणार आहात की झिर्कोनियाची कॅप?” झिर्कोनिया म्हणजे कठीण पांढरं सिरॅमिक. पुष्कळदा नाव व्हिनियरचं आणि काम कॅपचं असतं. व्हिनियरला दाताच्या वरच्या भागाचा जास्तीत जास्त ३० टक्के हिस्सा जातो, पूर्ण कॅपला ६० ते ७० टक्के. चहूबाजूंनी कोरलेल्या दाताची नस नंतर दुखावून रूट कॅनालची वेळही येऊ शकते.

प्रक्रिया पोर्सेलिनची सांगतो. पहिल्या खेपेला फोटो, माप, आणि त्या मापाच्या साच्यावर मेणाने नव्या दातांचा आकार. दुसऱ्या खेपेला त्या मेणाची नक्कल तुमच्या न कोरलेल्या दातांवर तात्पुरती चढवतात. याला मॉक-अप म्हणतात आणि तो मागूनच घ्या. तो लावून ‘फोन’, ‘ऑफिस’, ‘कॉफी’ म्हणा. वरच्या दातांच्या कडा खालच्या ओठाच्या आतल्या ओल्या काठाला हलकेच टेकायला हव्यात. ओठ अडखळत असेल तर दात लांब झालेत. हसताना किती दात दिसतात तेही मोजा. सहा दिसत असतील तर दहाचं बिल कशाला? आठ दिसत असतील आणि चारच केले तर कडेचे दोन-दोन पिवळे उठून दिसतात.

रंग ठरवायचा तो बैठकीच्या अगदी सुरुवातीला. तोंड वीस मिनिटं उघडं राहिलं की दात सुकतात आणि मूळ रंगापेक्षा पांढरे दिसतात, त्या वेळी जुळवलेला रंग नंतर फसतो. लिपस्टिक पुसा, खिडकीजवळ उभे राहा. ब्लीचिंग केलं असेल तर दोन आठवडे थांबा. रंग तेव्हा स्थिरावतो, आणि दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे चिकटवणी नीट धरत नाही तो अडथळाही जातो.

कोरल्यानंतर आठ-दहा दिवस तात्पुरती प्लास्टिकची व्हिनियरं असतात. ती हळदीचा रंग दोन जेवणांत पकडतात, तर्री तेवढे दिवस बंद. पक्की व्हिनियरं आली की आधी रंगीत ट्राय-इन पेस्टने नुसती ठेवून दाखवतात. ‘नको’ म्हणायची ही शेवटची संधी. आरसा हातात घ्या, उभे राहा, बोला, हसा, बाहेरच्या उजेडात जाऊन या. लाजू नका. पसंत पडली की व्हिनियरच्या आतल्या बाजूला हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि सिलेन (चिकटवणी धरून ठेवणारं रसायन) लावतात, दाताला ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल १५ ते ३० सेकंद, मग बॉन्ड, रेझिन आणि निळा दिवा. या सगळ्या वेळात थेंबभर लाळ जरी आत आली तरी पकड जाते. म्हणून रबर डॅम, म्हणजे दातांभोवती ताणलेला रबराचा पडदा, वापरला जातो का हे विचारा. वर्षभरात निखळलेल्या व्हिनियरांमागे ओलावा हे फार जुनं कारण आहे. दुसरं म्हणजे आवरण ओलांडून आतल्या पिवळ्या थरापर्यंत कोरलेला दात, कारण तिथे चिकटवणी कमकुवत असते.

रात्री दात खाणारे, वरचे-खालचे दात कडेवर कड टेकणारे, दातांनी नखं कुरतडणारे, सुया धरणारे, बाटल्यांची झाकणं उघडणारे : यांनी व्हिनियर टाळावं, किंवा निदान रात्री नाइट गार्ड, म्हणजे दातांवर बसणारं प्लास्टिकचं कवच, घालायची तयारी ठेवावी.

पायरी ५ : दोन्ही एकत्र लागतात तेव्हा

नेहमी येणारी केस बघा. गाडीवरून पडून वरचा एक पुढचा दात गेला, शेजारचा कोपऱ्यात तुटला, बाकीच्यांवर डाग. इथे इम्प्लांट की व्हिनियर असा प्रश्नच नाही, दोन्ही लागणार आणि क्रम चुकला की पैसे दोनदा जाणार.

आधी स्क्रू बसवून घ्या, कारण सगळ्यात जास्त वेळ त्याला लागतो. तो जुळतोय त्या महिन्यांत ब्लीचिंग आणि डागांचं काम उरका. रंग स्थिरावला की शेजारच्या दाताचं व्हिनियर आणि इम्प्लांटची कॅप एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी, एकाच जातीच्या सिरॅमिकमध्ये करून घ्या. आधी कॅप करून मग ब्लीचिंग केलं तर कॅप पिवळीच राहते, सिरॅमिक ब्लीच होत नाही. इम्प्लांटच्या जागी हिरडी जरा आत दबलेली असेल तर ते कॅपला हात लावण्याआधी सांगा. नंतर गुलाबी सिरॅमिकने झाकणं हा शेवटचा उपाय आहे आणि जवळून तो दिसतोच.

पायरी ६ : एस्टिमेट कागदावर

‘इम्प्लांट इतक्यात’ हा आकडा ऐकून दोन दवाखान्यांची तुलना होत नाही. कागदावर वेगवेगळं लिहून घ्या : स्क्रू आणि त्याचा ब्रँड, ॲबटमेंट, कॅप कशाची, हाड भरलं तर किती, स्कॅन, तात्पुरता दात, आणि स्क्रू जुळलाच नाही तर पुन्हा बसवायचे पैसे लागतील का. व्हिनियरला : मॉक-अप धरून का, साहित्य कोणतं, वर्षभरात निखळलं तर काय. शासकीय किंवा खासगी दंत महाविद्यालयात इम्प्लांटचं साहित्य बाहेरून आणावं लागेल का, ते आधीच विचारा. आरोग्य विमा अपघात सोडून दातांचे पैसे सहसा देत नाही, पॉलिसी वाचून बघा.

इम्प्लांटच्या डबीवर लॉट नंबर, व्यास आणि लांबी असलेलं स्टिकर असतं. त्याची एक प्रत तुमच्या फाइलला लावून घ्या. दहा वर्षांनी पुण्यात किंवा परदेशात स्क्रू सैल झाला तर त्या डॉक्टरला कोणता पाना वापरायचा ते त्या स्टिकरवरूनच कळतं.

पायरी ७ : घरी आल्यावर

इम्प्लांट बसवलेल्या दिवशी जोरात चूळ भरू नका, बाहेरून बर्फ शेका, वरण-भात, दही-भात, खिचडी थंड करून खा. बारीक दुखणं, सूज दोन-तीन दिवस चालते. चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, किंवा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही उतरला नसेल, तर फोन करून थांबू नका, दवाखान्यात जा.

कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यात वाकते, टूथपेस्टने खरखरीत होते, कोरडी ठेवली तर आकार बदलते. धुताना खाली पाण्याने भरलेलं भांडं ठेवा, हातातून निसटली तर फुटत नाही. नवी कवळी टोचली तर ती खिशात घालून डॉक्टरकडे जाऊ नका. भेटीच्या आधी काही तास घालूनच जा, लाल खूण दिसल्याशिवाय नेमकं कुठे घासायचं ते कळत नाही. पहिले आठ दिवस घास छोटे, दोन्ही बाजूंनी चावत. बोलण्यासाठी रोज पेपर मोठ्याने वाचा, जीभ आठवड्यात सरावते.

व्हिनियरवर फुटाणे, ऊस, मटणाचं नळीचं हाड पुढच्या दातांनी फोडायचं नाही. संत्र्याची फोड खायला हरकत नाही, फक्त खाल्ल्यावर लगेच ब्रश नको, अर्धा तास जाऊ द्या. ब्रश मऊ, पेस्ट दाणेदार ‘व्हाइटनिंग’वाली नको. फ्लॉस सगळ्यांसाठी, रोज.

आणि व्हिनियर किंवा कॅप निखळलीच, तर ती धुऊन छोट्या डबीत ठेवा, तुटलेला तुकडाही ठेवा. घरी फेविक्विकने चिकटवू नका. ते दाताच्या पृष्ठभागावर थर धरतं, तो खरवडताना दाताचं आवरण जातं आणि मूळ व्हिनियर पुन्हा नीट बसत नाही. दोन दिवसांत डबीसकट दवाखान्यात जा. तोवर तो दात उघडा आहे, गार पाणी झोंबेल, कोमट प्या.